पुढच्या वेळी

मराठी घरात सगळ्यात जास्त खपणारी वस्तू कोणती, असं विचारलं तर लोक चहा, साखर, शेंगदाण्याचं कूट अशी उत्तरं देतील. माझ्या मते सगळ्यात जास्त खपतं ते 'पुढच्या वेळी'. पाहुणे न जेवता उठले की आपण म्हणतो, "पुढच्या वेळी जेवूनच जायचं हं!" महाबळेश्वरला चार दिवस नुसतं धुकं पाहून परतताना म्हणतो, "पुढच्या वेळी दिवाळीनंतर येऊ." मुंजीला जाणं जमलं नाही तरी "पुढच्या वेळी नक्की" म्हणून मोकळे होतो. एका मुलाची मुंज एकदाच लागते, हा विचार बोलणाऱ्याच्याही मनात येत नाही आणि ऐकणाऱ्याच्याही.

या मालाला पैसे पडत नाहीत, ठेवायला फडताळ लागत नाही, आणि देणारा-घेणारा दोघंही खूश. त्यामुळे हे शब्द खरे की खोटे, असला प्रश्न मला बहात्तर वर्षांत कधी पडला नव्हता. तो पडला थेट अमेरिकेत, फ्लॉरिडा राज्यात, ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये. आणि पाडला तो साडेतीन फूट उंचीच्या एका गृहस्थांनी. हे गृहस्थ नात्याने माझे नातू लागतात.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त डॅलसला असतात. आम्ही दोघं चार महिने त्यांच्याकडे राहिलो. परतीचे दिवस जवळ आले तेव्हा सूनबाईंनी बेत काढला, की शेवटचे पाच दिवस सगळ्यांनी मिळून डिस्नेमध्ये घालवायचे आणि तिथूनच आपापली विमानं धरायची. त्यांचं विमान डॅलसचं, आमचं लंडनमार्गे मुंबईचं. 'घरी जायचं' हे शब्द पाचही माणसांच्या तोंडी होते. तिकिटं मात्र दोन दिशांची होती. त्या पाच दिवसांत ही गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी न बोलण्यात आमचं घराणं पूर्वीपासून वाकबगार आहे.

ज्याचं बालपण पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसून गेलं, त्याला डिस्ने वर्ल्ड म्हणजे काय हे समजायला जरा वेळ लागतो. आपल्याकडे बाग म्हणजे झाडं, बाकं आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी. इथे सुमारे ४० चौरस मैलांचा पसारा. त्यात मोठमोठ्या चार बागा, तळी, हॉटेलं आणि डोक्यावरून जाणारी एका रुळावरची गाडी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी हे सारं सुरू झालं, तेव्हा मोठ्या माणसाला आत शिरायला साडेतीन डॉलर पडत. आता ऐन गर्दीच्या दिवसांत दीडशेच्या वर मोजावे लागतात. मी सवयीने डॉलरचे रुपये करू लागलो, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, रुपये करत बसाल तर पाळण्यात चढायच्या आधीच चक्कर येईल." मी रुपये करणं सोडलं. निदान मोठ्याने.

पहिले तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवसापासून मात्र आमच्या कुटुंबात एक सूक्ष्म फरक पडला. कोणत्याही सहलीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात माणूस मजा करतो आणि दुसऱ्या भागात वसुली करतो. 'अजून काय काय राहिलं?' हा प्रश्न एकदा उच्चारला, की सहल संपून हिशेबतपासणी सुरू झाली असं समजावं. चिरंजिवांनी फोनमध्ये बघून राहिलेल्या गोष्टींची यादी केली. सूनबाईंनी कुठल्या रांगेत किती मिनिटं जातील याचं गणित मांडलं. सौ.ला कुठली तरी मिरवणूक पुन्हा पाहायची होती. दोन दिवस, अकरा गोष्टी, पाच माणसं आणि त्यांतले चार गुडघे कुरकुरणारे. आनंद म्हणजे जणू भिशीचा हप्ता. शेवटच्या तारखेच्या आत उचलला नाही तर बुडाला!

खरं म्हणजे मनाचं दप्तर असं चालत नाही. डॅनियल काहनमन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २०२४ साली ते वारले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना चौदा अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात धरायला लावला. मग दुसऱ्या खेपेला तेच मिनिट आणि त्यावर आणखी अर्धं मिनिट. फक्त त्या अर्ध्या मिनिटात पाणी एखादा अंश कोमट होत गेलेलं. पुन्हा करायचं झालं तर यातलं कोणतं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं मागून घेतलं. म्हणजे त्रास जास्त वेळ चालेना का, शेवट जरा बरा झाला की माणसाला सगळंच बरं वाटतं. काहनमन यांचं म्हणणं असं, की आठवण मिनिटं मोजत नाही. ती सगळ्यात तीव्र क्षण लक्षात ठेवते आणि शेवट लक्षात ठेवते. आपल्या तुकोबांना हे गार पाण्यात हात न घालता कळलं होतं. सारा खटाटोप शेवटच्या दिवसासाठी, असं ते केव्हाच सांगून गेले आहेत. त्यांचा शेवटचा दिवस वेगळा, हे मला कळतं. पण बहात्तराव्या वर्षी माणूस कुठलाही शेवटचा दिवस पाहिला, की मनातल्या मनात त्याला त्या दुसऱ्या दिवसाशेजारी उभा करून बघतोच.

तर चौथ्या दिवशी यादीप्रमाणे आम्ही मॅजिक किंगडम नावाच्या बागेत स्पेस माउंटनपाशी पोचलो. १९७५ सालापासून चालू असलेली ही घसरगाडी एका मोठ्या घुमटात, काळोखात धावते. वेग ताशी जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. आपली एसटी उतारावर याहून जोरात जाते आणि तिच्यात आपण डुलक्या काढतो. पण इथे समोरचं काही दिसत नाही, म्हणून माणसं किंचाळतात. (आयुष्याबद्दल यात काही बोध आहे का, हे वाचकांनी सवडीने पाहावं.) दारात नियम लिहिलेला आहे: उंची किमान ४४ इंच हवी. डॅलसच्या घरी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने नातवाची उंची नोंदलेली आहे. ती ४३.

नातू रडला नाही. त्याने नियम वाचला, स्वतःकडे पाहिलं, मग हृदयविकार, पाठदुखी, मानदुखी असणाऱ्यांनी बसू नये ही सूचना वाचून माझ्याकडे पाहिलं. त्याला एक इंच कमी होता आणि मला तीसेक वर्षं जास्त होती. मग तो म्हणाला, "आजोबा, पुढच्या वेळी मी फॉर्टी-फोर होणार. तेव्हा तू येशील ना?" (त्याच्या मराठीत सगळ्या जगाला 'तू'च आहे, देवाला आणि आजोबाला तर आहेच.)

मी म्हटलं, "हो."

रात्री हॉटेलच्या खोलीत माझ्यावर खटला भरला. नातू मिकी माउसचे कान तसेच डोक्यावर ठेवून झोपला होता.

"हो काय म्हणालात?" सौ. म्हणाली. "इथून विमानतळापर्यंत चालवेल की नाही याची खात्री नाही, आणि पुढच्या वर्षीचं वचन देताय!"

चिरंजीव म्हणाले, "बाबा, इथे मुलांना जे नक्की नाही ते सांगत नाहीत. मुलं लक्षात ठेवतात."

सूनबाईंनी मधला मार्ग काढला. "बाबा, नुसतं 'बघू' म्हणायचं."

आता 'बघू' या शब्दाला माझा सक्त विरोध आहे. मराठी मुलाला दात यायच्या आधी 'बघू'चा अर्थ कळलेला असतो, आणि तो अर्थ 'नाही' असा असतो. सायकल घ्याल का? बघू. सर्कशीला जायचं का? बघू. मी लहानपणी 'बघू'च्या भरवशावर ज्या ज्या गोष्टींची वाट पाहिली, त्या सगळ्या अजून यायच्या आहेत. 'बघू' म्हणणाऱ्याला खोटं बोलल्याचं पाप लागत नाही आणि खरं बोलण्याचा त्रासही होत नाही. हा सावधपणाचा सदरा घातलेला नकार आहे. त्यापेक्षा सरळ 'नाही' बरं.

मग 'नाही' का म्हणू नये? इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाला विचारलं असतं तर त्याने मला तेच सुनावलं असतं. त्याने १७९७ साली एक निबंध लिहून ठासून सांगितलं, की मित्राला ठार मारायला निघालेल्या माणसाने 'तो तुमच्या घरात आहे का?' असं विचारलं, तरी खोटं बोलण्याचा हक्क आपल्याला नाही. हे वाचल्यापासून कांटच्या घरी लपायला जाऊ नये एवढं मी पक्कं केलं आहे. आपल्याकडे धर्मराजाचं उदाहरण आहेच. एका अश्वत्थाम्यापायी जमिनीवरून चार बोटं चालणारा रथ खाली आला. पण धर्मराजाचं ते अर्धसत्य लढाई जिंकण्यासाठी होतं, आणि ज्याला सांगितलं त्याचा त्यात जीव गेला. माझ्या 'हो'ने कुणाचं काय घेतलं, हा प्रश्न मला त्या रात्री बराच वेळ छळत राहिला. शिवाय माझ्या रथाची चाकं जमिनीवर टेकून पन्नास वर्षं झाली असतील. आणखी खाली जायला जागा नाही.

सकाळी, म्हणजे शेवटच्या दिवशी, उत्तराचा एक तुकडा मला सिंड्रेलाच्या किल्ल्यापाशी सापडला. हा किल्ला १८९ फूट उंच आहे, पण दिसतो त्याहून बराच उंच. कारण वर वर जावं तसतसे त्याचे दगड आणि खिडक्या लहान केलेल्या आहेत. खालून बघणाऱ्या डोळ्याला वाटतं, अबब, केवढा! थोडक्यात म्हणजे किल्ला आपल्या उंचीबद्दल धडधडीत थाप मारतो, आणि तिथून पाच मिनिटांवर माझ्या नातवाला मात्र एका इंचाची सूट नाही. आधी मला हा अन्याय वाटला. मग लक्षात आलं, की दोन्ही ठिकाणी योग्य तेच केलेलं आहे. जिथे पोराच्या हाडांचा प्रश्न आहे तिथे पट्टी खरी. तिथे एक इंचही खोटा चालणार नाही. जिथे मान वर करून बघण्याचा प्रश्न आहे, तिथे दगड थोडे लहान केले तर कुणाचं काही बिघडत नाही. उलट बघणाऱ्याला चार मजले फुकट मिळतात.

म्हणजे प्रश्न असा उरला: माझं 'हो' हे पट्टीतलं होतं की किल्ल्यातलं? पोराला नुसती मान वर करायला लावून मी निघून जाणार असेन तर ठीक. पण वर्षभराने तो खरोखरच चव्वेचाळीस इंचांचा होऊन त्या दारात उभा राहिला आणि शेजारी कुणीच नसलं तर? मग ते पट्टीतलं खोटं ठरेल. तिथे त्याला लागेल.

या कोड्यातून मला सोडवलं ते दोन पुतळ्यांनी. किल्ल्यासमोर वॉल्ट डिस्नेचा पुतळा आहे, मिकीचा हात धरून उभा. लोक त्याच्यापुढे फोटो काढतात. दुसरा पुतळा प्रवेशाजवळच्या चौकात आहे. बाकावर मिनी माउसशेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले आहेत. हे वॉल्टचे थोरले बंधू रॉय. फ्लॉरिडातल्या या जागेचं स्वप्न वॉल्टचं. १९६५ साली त्याची घोषणा झाली आणि १५ डिसेंबर १९६६ रोजी वॉल्ट गेला. त्या वेळी इथे किल्ल्याचा एक दगडही रचलेला नव्हता. रॉय तेव्हा निवृत्त व्हायच्या बेतात होते. त्यांनी निवृत्ती लांबणीवर टाकली, पाच वर्षं खपून ही बाग उभी केली, आणि नाव नुसतं 'डिस्ने वर्ल्ड' न ठेवता 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड'च ठेवायचं, असा आग्रह धरला. बाग सुरू झाली ऑक्टोबर १९७१मध्ये. त्याच वर्षी २० डिसेंबरला रॉयही गेले. धाकट्याने 'पुढच्या वेळी' म्हटलं आणि थोरल्याने ते खरं केलं. ज्याने शब्द दिला तोच पाळायला हजर असला पाहिजे, असा नियम असता तर त्या ठिकाणी आज नुसती दलदल असती.

मी सौ.ला म्हटलं, "यादी राहू दे. इथेच बसू." रॉयसाहेबांच्या पुतळ्यापासून जवळच आम्ही दोघं बसलो. चिरंजीव सूनबाईंना घेऊन उरलेल्या गोष्टींच्या मागे गेले आणि अर्ध्या तासात परत आले. मला वाटतं, त्यांनाही आता बसायचंच होतं. अकरापैकी सात गोष्टी पाहायच्या राहिल्या. पाच माणसांनी एका बादलीतले पॉपकॉर्न खाल्ले, आणि चार महिन्यांत प्रथमच कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

नातवाला मी जवळ घेतलं आणि कालच्या 'हो'चा तपशील सांगितला. "तू फॉर्टी-फोर झालास की त्या गाडीत बसायचं, हे पक्कं. तेव्हा माझं येणं जमलं तर मी दाराशी उभा राहीन. नाहीच जमलं, तर बाबा तुझ्याबरोबर आत बसेल. पण कुणीतरी असणार. बाबालाही हे मान्य आहे." चिरंजिवांनी मान डोलावली.

नातवाने थोडा विचार केला. "बाबा डोळे मिटतो," तो म्हणाला. "तूच ये."

यावर कांटकडेही उत्तर असेल असं मला वाटत नाही.

पूर्वी या बागेची जी अनेक दिवसांची तिकिटं मिळत, त्यांतले न वापरलेले दिवस बाद होत नसत. २००५ सालानंतर तशी सोय हवी असेल तर जादा पैसे पडू लागले, आणि २०१५ साली ती सोयही बंद झाली. पण जुन्या तिकिटांवरचे उरलेले दिवस उरलेलेच आहेत. म्हणजे आजही जगात कुणाच्या तरी कपाटात, साड्यांच्या घडीखाली किंवा विम्याच्या कागदांत, डिस्नेचा एखादा कोरा दिवस पडून असेल. हिशेबी माणूस म्हणेल, बुडीत खातं. मला तसं वाटत नाही. ज्या घरात असा एक दिवस पडून आहे, त्या घरातल्या माणसांना निघण्यासाठी एक कारण आहे. सगळं वसूल करून आलेल्या माणसाकडे नुसते फोटो असतात.

मराठीत 'जातो' म्हणायची पद्धत नाही, ती उगाच नाही. आपण 'येतो' म्हणतो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून उठतानाही 'येतो' आणि परदेशी निघतानाही 'येतो'. याला कुणी खोटं म्हणत नाही, कारण तो भविष्याचा अंदाज नसतोच. 'इथे बरं वाटलं, माझं अजून काहीतरी इथे राहिलं आहे,' एवढाच त्याचा अर्थ. आणि तो त्या क्षणी शंभर टक्के खरा असतो. अमेरिकन सरकारने मला बहात्तराव्या वर्षी दहा वर्षांचा व्हिसा दिला आहे. त्या खिडकीमागच्या अधिकाऱ्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहूनही 'बघू' म्हटलं नाही. सरकार जर एवढा आशावाद बाळगतं, तर आजोबाने किती बाळगावा?

निघायच्या सकाळी सौ.ने सगळ्यांच्या हातावर दही घातलं. हॉटेलच्या फ्रिजमध्ये स्ट्रॉबेरीचंच दही होतं. परत येण्यासाठी घालायचं दही गुलाबी चालतं का, याबद्दल शास्त्र काही सांगत नाही, सौ.ने ते चालवून घेतलं. विमानतळावर ते तिघं डॅलसच्या बाजूला वळले, आम्ही दोघं लंडनच्या. नातवाने हात हलवून "बाय" म्हटलं. मी म्हटलं, "येतो."

याला आता सात महिने झाले. परवा चिरंजिवांनी डॅलसच्या स्वयंपाकघरातल्या चौकटीचा फोटो पाठवला. पेन्सिलीची नवी रेघ साडेत्रेचाळीसवर आहे. सौ.ने चष्मा लावून तो फोटो दोनदा पाहिला आणि म्हणाली, "अर्धाच इंच राहिलाय. अहो, त्या गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाका."